पावकिलोचा ओळंबा

कुणाचं प्रेम नजरेनं सुरू होतं, कुणाचं चिठ्ठीनं. सहनाचं सुरू झालं डाव्या पायाच्या अंगठ्यापासून, आणि तेही चांगलं ठणकत.

शनिवारची दुपार होती. बोगादीच्या शाळेत गणित शिकवून, अर्ध्या दिवसानं सुटून ती हूटगळ्ळीच्या बसमध्ये उभी होती. बाहेर म्हैसूरचा तो नेहमीचा पाऊस... छत्री उघडली तर लोक हसतील आणि न उघडली तर केस भिजतील, असला. हिनकलजवळ ड्रायव्हरनं ब्रेक मारला, शेजारी उभ्या असलेल्या तरुणाची पिशवी कलली, आणि तिच्या उसवलेल्या कोपऱ्यातून काहीतरी जड, टोकदार, पिवळं असं सरळ सहनाच्या अंगठ्यावर उतरलं.

तिनं आधी कन्नडमध्ये जे बोलायचं ते बोलून घेतलं. तो वाकून ती वस्तू शोधत तीनतीनदा माफी मागत होता, त्यामुळे तिला आणखीच जोर आला. मग खिडकीकडे तोंड करून ती घरच्या मराठीत पुटपुटली, "डोळे कुठं ठेवून येतात ही माणसं, देवाला ठाऊक."

"डोळे जाग्यावरच आहेत," खालून आवाज आला. "पिशवी उसवलीय."

सहनाच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तो उठून उभा राहिला. उन्हानं रापलेला चेहरा, शर्टाच्या खिशाला पेन्सिल, आणि डोळ्यांत हसू दाबून ठेवल्याची सगळी चिन्हं.

"तुम्ही... मराठी?"

"पिरियापट्टणचे. म्हणजे आता म्हैसूरचेच म्हणायचे. शरत."

तिनं आपलं नाव सांगितलं नाही, पण राग थोडा खाली ठेवला. त्याच्या हातातल्या त्या पितळी भोवऱ्याकडे बघून तिनं विचारलं, हे तूकगुंडुच ना? गवंडी भिंतीला लावतात ते? मराठीत काय म्हणतात, तिला ठाऊक नव्हतं. तिच्या घरात मराठी होती, पण ती स्वयंपाकघरापुरती आणि भांडणापुरती.

"ओळंबा," तो म्हणाला. "भिंत खरं बोलते की खोटं, ते सांगतो."

"आणि पायावर पडला तर?"

"तर पाय खरा आहे असं समजायचं. खोट्या पायाचा माणूस एवढा ओरडत नाही."

सहनाला हसायचं नव्हतं. तरी ओठांचा एक कोपरा फितूर झालाच... आणि नेमका तो त्यानं पाहिला.

हूटगळ्ळीला ती उतरली, लंगडत नव्या वस्तीच्या कच्च्या रस्त्याला लागली. मागून पावलं वाजत होती. दोन वळणं झाली तरी वाजतच होती. शेवटी ती गर्रकन वळली आणि मागंमागं का येताय म्हणून त्याला विचारलं.

"मी पुढंच चाललोय," शरत शांतपणे म्हणाला. "तुम्ही मधे आहात."

आणि खरंच, तो निघाला होता तिच्याच घराच्या बांधकामावर. कंत्राटदारानं नवा इंजिनिअर पाठवतो म्हणून सांगितलं होतं, तो हाच.

हे घर म्हणजे सहनाच्या अप्पांचं तीस वर्षांचं स्वप्न. येसाजीराव त्यांचं नाव. त्यांचे पणजोबा म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते. त्यांची एक तलवार घरात होती, घोडा नव्हता आणि स्वतःचं घरही नव्हतं. इटिगेगूडच्या भाड्याच्या घरात आयुष्य गेलं. येसाजीराव सरकारी शाळेत कवायतीचे मास्तर होते, आणि अख्ख्या गल्लीत त्यांना 'मेष्ट्रु' म्हणत. त्यांची ख्याती एकाच गोष्टीसाठी होती. क्रीडादिनाला मैदानावर शंभर मीटरची चुन्याची रेघ ते दोरी न लावता मारायचे. डावा डोळा मिटायचा, उजव्यानं टोकावरच्या झेंड्याकडे बघायचं आणि चालत सुटायचं. रेघ अशी सरळ यायची की, पोरं तिच्यावर पाय ठेवायला घाबरायची. निवृत्तीला आठ वर्षं झाली तरी मांडवाचा खांब रोवताना लोक त्यांना बोलवायचे. ते आपले डावा डोळा मिटून उभे राहायचे, आणि त्यांनी 'आयतु', म्हणजे 'झालं', म्हटलं की खांब सरळ. घरात, गल्लीत, कुणालाही अप्पांच्या डोळ्याबद्दल कधी शंका आली नव्हती. सहनाला तर नाहीच.

पुढच्या शुक्रवारी चौकटीची पूजा होती. मुख्य दाराची चौकट इकडे साधीसुधी बसवत नाहीत. मुहूर्त काढतात, उंबऱ्याखाली नवधान्य आणि रत्नं ठेवतात, चौकटीला हळद-कुंकू, आंब्याचे डहाळे, कोरं वस्त्र, सगळं काही. एकदा पूजा झाली की ती चौकट घराची देवता. सहनाची अम्मा, वनजा, पहाटेपासून उपाशी होती. शरतनं चौकट तीनतीनदा तपासली होती. गुरुजींनी नारळ फोडला, आरती झाली, आणि सगळ्यांनी कौतुकानं मास्तरांकडे पाहिलं. त्यांचं 'आयतु' तेवढं व्हायचं होतं.

येसाजीराव दहा पावलं मागं गेले. डावा डोळा मिटला. पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"वाकडी आहे," ते म्हणाले. "मधे डावीकडं पोक आलाय."

शरतनं ओळंबा काढला, चौकटीच्या माथ्याशी दोरी धरली. पितळी भोवरा थोडा हलला, थांबला. दोरी आणि लाकूड यांच्यात वरपासून खालपर्यंत बोटभर जागा होती, सगळीकडे सारखी, म्हणजे चौकट सरळ. सहनाला ती दिसली. गुरुजींना दिसली. न्याहारीची वाट बघणाऱ्या गवंड्यांनाही दिसली.

येसाजीरावांनी पुन्हा डावा डोळा मिटला. चेहरा लाल झाला. "दोरीच वाकडी आहे तुझी," ते म्हणाले.

दोन गवंडी फिस्सकन हसले. लोंबकळती दोरी वाकडी कशी असेल? हसला नाही तो फक्त शरत. तो एकटक मास्तरांच्या मिटलेल्या डाव्या डोळ्याकडे बघत राहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. दोरी स्वतः बघूनही सहनाला वाटलं, हा घाबरला. चूक सापडली म्हणून घाबरला.

मग जे व्हायचं ते झालं. ही चौकट काढा, मास्तर म्हणाले. पुजलेली चौकट उपटणं घराला बरं नव्हे, गुरुजी म्हणाले. अम्मा रडायला लागली. वाकड्या दारातून मी आत जाणार नाही, असं सांगून येसाजीराव स्कूटरवर बसून निघूनही गेले.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना शरतचा फोन आला. पाच मिनिटं भेटायचं होतं. बोगादीच्या रस्त्यावर चुरमुरीची एक गाडी आहे, तिथं ती गेली ती मनात चार कडक वाक्यं तयार करूनच. त्यानं दोन पुडे घेतले होते. एक तिच्या हातात दिला.

"मास्तर रोज पेपर वाचतात?" त्यानं विचारलं.

वाचतात. पहिल्या पानापासून.

"दोन्ही डोळे उघडे ठेवून... अर्थात. एक डोळा मिटतात ते फक्त रेघ बघताना. म्हणून कळलं नाही." त्यानं पुडा बाजूला ठेवला. "चौकट सरळ आहे, सहना. दोरी सरळ आहे. त्यांचा उजवा डोळा नीट बघत नाहीये."

सहनानं ती चारही वाक्यं वापरली, आणि वर आणखी दोन. आपली चौकट वाचवायला हा माणूस अप्पांच्या डोळ्यावर बोट ठेवतो? त्या डोळ्यावर? पन्नास वर्षं ज्या डोळ्यानं...

त्यानं तिला सगळं बोलू दिलं. मग आपल्या आज्याचं सांगितलं. पिरियापट्टणला त्यांची तंबाखूची शेती. एका वर्षी आजा म्हणायला लागला, तंबाखूच्या सऱ्या मधेच वाकड्या गेल्यात, गडी नीट नांगर धरत नाहीत. गडी बदलले. मग म्हणाला, दाराचे गज वाकलेत. घरातले हसले. सत्तरीचा माणूस, चालायचंच. कुणी म्हणालं मोतीबिंदू असेल, पिकू दे, मग काढू. वर्षभरानं म्हैसूरला आणला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, हा मोतीबिंदू नाही. हा आतल्या पडद्याचा आजार, वयामुळे होतो, आणि ह्याला थांबायला वेळ नसतो. उशीर झाला. वर्ष-दीड वर्षात दुसरा डोळाही गेला. कडेचं दिसायचं, पण ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं पुसलेलं.

"मी डिप्लोमा पास झालो तेव्हा त्यांनी कागदावर हात फिरवला," शरत म्हणाला. "माझं तोंड बघायला मान वळवायचे. समोरून दिसायचं नाही ना... कडेनं बघायचे."

सहनानं हातातला पुडा खाली ठेवला.

"चौकट मी सोमवारी काढतो. लिहून देतो हवं तर. माझी चूक म्हणून काढतो. पण तोवर एवढं करा... एक एक डोळा झाकून त्यांना सरळ रेघ दाखवा." त्यानं खिशातून ओळंबा काढून तिच्या तळहातावर ठेवला. पितळ त्याच्या अंगानं कोमट झालं होतं. "हा ठेवा."

"आणि तुमचं काम?"

"माझं काम हेच आहे," तो म्हणाला, आणि पावसात निघून गेला. तिच्या चुरमुरीचा पुडा तसाच राहिला होता. त्याचाही.

त्या पोराची दोरी अप्पा बघणार नाहीत, हे सहनाला पक्कं ठाऊक होतं. म्हणून रविवारी सकाळी कॉफी झाल्यावर तिनं गणिताची चौकटींची वही पुढं केली. पानाच्या मध्यावर पेनानं एक ठिपका काढला होता. शाळेत नव्या वह्या आल्यात, छपाई बरोबर आहे का तेवढं बघा, म्हणाली. असलं काम अप्पांच्या आवडीचं. त्यांनी चष्मा सावरला, सवयीनं डावा डोळा मिटला, ठिपक्याकडे पाहिलं.

"मधली घरं चेपलीत गं," ते लगेच म्हणाले. "आणि ठिपक्याशेजारी शाई फासलीय. परत पाठव सगळा गठ्ठा."

सहनानं आवाज सरळ ठेवला. "आता दुसऱ्या डोळ्यानं बघा, अप्पा."

"ते कशाला?"

"सुम्ने. उगीच."

येसाजीरावांनी उजवा डोळा मिटला. डावा उघडला. बघत राहिले. मग उजवा. मग डावा. पुन्हा उजवा. स्वयंपाकघरात अम्माची फोडणी तडतडत होती, आणि मास्तर वही धरून एक डोळा उघडत होते, एक मिटत होते. कितीतरी वेळ. मग त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला, आणि पुन्हा तेच केलं.

"दोरी सरळ होती म्हणायची त्याची," ते शेवटी म्हणाले. आवाज एवढा लहान की सहनाला रडू आलं.

सोमवारी ते डोळ्यांच्या दवाखान्यात होते. अम्मा वाटेत तेच म्हणाली जे सगळे म्हणतात. मोतीबिंदू असेल, अजून कच्चा असेल, घाई कशाला. सहनानं तिचा हात घट्ट धरला.

डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी थेंब घातले, यंत्रावर हनुवटी ठेवायला लावली, फोटो काढला, आणि संगणकावर दाखवलं. डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या अगदी मधोमध, जिथं बारीक दिसतं, तिथं खालून कच्च्या रक्तवाहिन्या फुटून पाणी झिरपत होतं. त्यानं पडदा तिथं उचलला गेला होता, म्हणून सरळ रेघ वाकडी. कधीपासून? शुक्रवारी पहिल्यांदा दिसलं, मास्तर म्हणाले, रोजचा पेपर एका डोळ्यानं वाचून बघितला असता तर आधीच कळलं असतं. सिगारेट ओढता? बाईंनी विचारलं. येसाजीराव अम्माकडे बघायला लागले. अम्मा छताकडे बघायला लागली. दिवसाला दोन, जेवणानंतर, गच्चीवर, बडीशेप खाऊन खाली यायचं, हे सगळं अम्माला वीस वर्षं माहीत होतं.

"आजपासून शून्य," बाई म्हणाल्या. "आणि डोळ्यात इंजेक्शन. दर महिन्याला एक, सध्या तीन. मग बघू."

डोळ्यात सुई म्हटल्यावर घोडदळाचा पणतू पांढराफटक पडला. तलवार पुजणं वेगळं आणि सुई बघणं वेगळं. त्यांनी घसा साफ केला, इकडेतिकडे पाहिलं, आणि सहनाला म्हणाले, "त्या पिरियापट्टणच्या पोराला बोलव."

"कशाला, अप्पा?"

"दोरी धरताना त्याचा हात हलला नाही. तसा माणूस बाहेर बसलेला बरा."

शरत अर्ध्या तासात आला, बुटांना सिमेंट तसंच. मास्तर त्याच्याकडे बघून उठून उभे राहिले. चाळीस वर्षं त्यांनी पोरांना माफी मागायला लावली होती, स्वतः मागायची सवय नव्हती. "चौकट राहू दे," एवढंच म्हणाले, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून आत गेले. शरतनं सहनाकडे पाहिलं. तिला थँक्स म्हणायचं होतं. ते तिला कुठल्याच भाषेत जमेना. तिनं पदराच्या टोकाशी चाळा केला आणि विचारलं, "न्याहारी झाली?"

नाही म्हणाला. बाहेर टपरीवर तिनं त्याला दोन इडल्या, वर आणखी दोन, आणि कॉफी घेऊन दिली. तो खात होता, ती बघत होती, आणि बहुतेक आभार तिथंच पोचले असावेत.

ओळंबा मग इटिगेगूडच्या घरातच राहिला. माजघराच्या दारात खिळा ठोकून टांगला होता. रोज सकाळी कॉफीच्या आधी अप्पा समोर उभे राहायचे. एक डोळा झाकायचा, मग दुसरा, दोरी बघायची. डॉक्टरांनी चौकटींचा कागद दिला होता, तोही बाजूला चिकटवला. पण मास्तरांचा जीव दोरीवर. "आज स्वल्प कमी," "आज कालच्यासारखंच," असा अहवाल ते मोठ्यानं सांगायचे, आणि सहना तो शरतला फोनवर पाठवायची. फक्त अहवालच... सुरुवातीला. मग अहवालाखाली पावसाची चौकशी आली. मग अंगठ्याची.

'अंगठा अजून दुखतो?' तो विचारायचा.

'महिना झाला. अंगठ्याला विसरायला वेळ लागतो.'

'मग दुखू दे थोडा. निदान आठवण तरी राहील.'

दुसऱ्या इंजेक्शनच्या दिवशी बाकावर बसायला ते दोघंच होते. अम्मानं नेमकं त्याच दिवशी एका वास्तुशांतीला जायचं ठरवलं होतं. (अम्माला गच्चीवरच्या सिगारेटी कळत होत्या, तर हे कळणार नव्हतं का.) डॉक्टर बाई बाहेर येऊन सांगून गेल्या, पाणी पुष्कळ उतरलंय. थोडा वाक कायम राहील कदाचित, पण नजर वाचेल. तुम्ही वेळेत आलात. वर्षभरानं येतात त्यांना मी भिंगाशिवाय काही देऊ शकत नाही.

सहनाचे डोळे भरून आले. आनंदानं वळून बघते तर शरत जागेवर नव्हता. बोळाच्या टोकाशी, खिडकीला पाठ करून उभा होता. ती जवळ गेली. काय झालं, विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला. "बरं वाटलं. खरंच. फक्त... माझ्या आज्यापुढं कुणी दोरी धरली नाही. तेवढंच."

सहनानं त्याचा हात हातात घेतला. दवाखान्याचा बोळ, येणारी-जाणारी माणसं, नर्सच्या चपला, सगळं होतं. तिनं सोडला नाही. त्यानंही नाही. चुन्यानं फुटलेली त्याची बोटं तिच्या बोटांत बराच वेळ होती, आणि त्या बोटांचे तिच्या घरावर किती उपकार आहेत हे तिच्या मनात पुन्हा पुन्हा येत होतं. ते तिनं त्याला सांगितलंही, तशाच शब्दांत.

"उपकार नका म्हणू," शरत म्हणाला. "उपकार म्हटलं की फिटतात एक दिवस."

परत येताना, बोलायला काहीतरी हवं म्हणून, त्यानं नवमीचं काढलं. आयुधपूजा आली जवळ. त्याचा ओळंबा तिच्या घरी. पूजेत मांडतील का?

सहना थांबली. त्यांच्या घरातली ती रीत जुनी होती. नवमीला देवापुढं लाल कापडावर हत्यारं मांडायची, पणजोबांची तलवार, अप्पांची शिट्टी, अम्माची कात्री, सहनाची कंपासपेटी. फक्त घरातल्या माणसांची. घोडदळातल्या माणसानं दुसऱ्याचं हत्यार आपल्या देवापुढं मांडायचं नाही, असं काहीतरी कारण होतं. एकदा शेजारच्यांनी प्रेमानं आपला पाना आणून ठेवला, तर अप्पांनी पेढा देऊन परत पाठवला होता. तिनं हे त्याला सांगितलं.

"घरातल्याच माणसांची," शरतनं पुन्हा म्हटलं. "मग नवमीला सकाळी येऊन घेऊन जातो. मलाही पुजायचाय."

"घेऊन जा," सहना म्हणाली, आणि रात्री जेवली नाही.

मधल्या दिवसांत येसाजीरावांना नवा उद्योग सापडला. सकाळी कुक्करहळ्ळी तलावावर फिरायला येणाऱ्या म्हाताऱ्यांना ते कुंपणाच्या गजांसमोर रांगेत उभं करायचे आणि शिट्टी वाजवायचे. डावा डोळा झाका. गज बघा. आता उजवा. वाकडा दिसतो? पुसट दिसतो? मधेच गायब? लोक आधी हसले. मग त्यांचे जुने मित्र संताजीराव हसता हसता थांबले. डाव्या डोळ्यानं त्यांना गजच सापडेनात. त्याच आठवड्यात मास्तरांनी त्यांना स्कूटरवर घालून दवाखान्यात नेलं. त्यांचा मोतीबिंदू निघाला. शस्त्रक्रिया झाल्यावर त्यांनी पहिला फोन मास्तरांना केला, आणि बायकोच्या साडीचा रंग सांगितला. साठीनंतर वर्षातून एकदा डोळे दाखवायचेच, दिसत असलं तरी दाखवायचे, असं मास्तर आता भाजीवाल्यालाही सांगत.

तिसरं इंजेक्शन नवमीच्या चार दिवस आधी झालं. ह्या वेळी अप्पा सुई बघून फक्त डोळे मोठे करून बसले, तेही डॉक्टरांनी सांगितलं म्हणून.

नवमीच्या सकाळी शहरभर झेंडूचा वास होता. गल्लीत स्कूटरी धुवून, चाकाखाली लिंबं ठेवून उभ्या होत्या. अम्मानं लाल कापड अंथरलं. सहना न्हाऊन, ओल्या केसांना गाठ मारून माजघराच्या दाराशी आली. खिळ्यावरून ओळंबा उतरवला. दोरी नीट गुंडाळली. दोन महिन्यांच्या धुळीनं पितळ काळवंडलं होतं. चिंच लावून तिनं ते घासलं, पुसलं, कुंकू लावलं. अजून त्यानं काही विचारलं नव्हतं, आणि तिनंही नाही. पण कुणीतरी आधी बोलायला हवं, आणि तिला बोलता येत नव्हतं. ती देवघरात गेली आणि आपल्या कंपासपेटीशेजारी तिनं ओळंबा ठेवून दिला.

अम्मानं ते पाहिलं. कात्रीला फूल वाहता वाहता ती थांबली, मग पुन्हा वाहायला लागली.

येसाजीराव आले. पूजेआधी हत्यारांची रांग तपासायचा त्यांचा हक्क. ते नेहमीच्या जागी उभे राहिले, आणि डावा डोळा मिटला. उजवा उघडा. तलवार, शिट्टी, कात्री, कंपासपेटी... ओळंबा.

ते थांबले. बाहेर कुणाच्या तरी दारात कोहळा फुटला. अप्पांची नजर ओळंब्यावर होती, आणि हलत नव्हती. मग ती वर आली आणि सहनावर थांबली. सहनानं मान खाली घातली नाही.

"रांगेत नाही तो," अप्पा म्हणाले.



ते वाकले. गुडघ्यावर हात ठेवून, हळू. दोन बोटांनी ओळंबा धरला आणि गव्हाच्या दाण्याएवढा डावीकडं सरकवला. पुन्हा मागं गेले. डावा डोळा मिटला. बराच वेळ पाहिलं.

"आयतु," येसाजीराव म्हणाले. "मधे केसभर वाक दिसतो अजून. तो माझा. त्याचा नाही."

तेवढ्यात बाहेर बूट काढल्याचा आवाज झाला. शरत दाराशी उभा होता, हातात झेंडूचा हार, केसांवर पावसाचे थेंब. ओळंबा न्यायला आलो, असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं, आणि त्याची नजर लाल कापडावर गेली. तलवार. शिट्टी. कात्री. कंपासपेटी. आणि तिच्या शेजारी, कुंकू लावलेलं, लखलखीत...

त्यानं सहनाकडे पाहिलं. रीत तिनंच त्याला सांगितली होती. आता आणखी काही सांगायची गरज नव्हती, तरी ती बोलली. तिला सगळं म्हणून टाकायचं होतं.

"न्यायला आलात?" तिनं विचारलं. "तो आता मिळायचा नाही."

"मग मी काय करू?" शरतनं विचारलं. हसू दाबायचं त्याला ह्या वेळी जमलं नाही.

सहनानं एक पाट आणला आणि आपल्या पाटाशेजारी मांडला. अप्पांनी डावा डोळा मिटून दोन्ही पाटांकडे पाहिलं, आणि आरतीची घंटा उचलली.